सिसिलीची वाईन : बाटली उघडण्याआधी बागेची उंची विचारा

ऑगस्टच्या सुरुवातीला सिसिलीच्या पश्चिम भागात शार्डोनेचे घड उतरायला लागतात. तिथली डोन्नाफुगाता ही वायनरी तर १९९८ पासून शार्डोनेची तोडणी रात्री, दिव्यांच्या उजेडात करते, कारण दिवसा तोडलेला माल आत पोचेपर्यंत तापून जातो. त्याच बेटावर, एत्ना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर, नेरेल्लो मास्कालेसे या काळ्या द्राक्षाची तोडणी ऑक्टोबरमध्ये चालते. तोवर डोंगरावर सकाळची थंडी बोचायला लागलेली असते. एकच बेट, आणि काढणी जवळपास तीन महिने चालते.

त्यामुळे "सिसिलीची वाईन कशी असते?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. मी तासगाव भागात द्राक्षबागेत वाढलो. आमच्याकडे द्राक्ष म्हणजे एकतर पेटीत भरून बाजारात जाणार, नाहीतर शेडवर जाऊन बेदाणा होणार. वाईनकडे मी उशिरा वळलो, आणि सिसिलीची वाईन मला कळायला लागली ती बागेत विचारतात तेच प्रश्न बाटलीला विचारल्यावर. बाग किती उंचीवर आहे? कुठल्या तोंडाची आहे? वारा कुठून येतो? पाणी कुठून मिळतं? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख त्याच प्रश्नांच्या वाटेने जातो.

पहिली पायरी : नकाशा समोर घ्या

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वात मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले नाशिक आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढं होईल तेवढं. द्राक्षबागा सुमारे एक लाख हेक्टर. आकार त्रिकोणी. सपाट जमीन जेमतेम सातवा हिस्सा, बाकी सगळे डोंगर आणि टेकड्या.

या त्रिकोणावर चार ठिकाणं पेन्सिलने खुणा करून ठेवा. पश्चिम टोकाला मार्साला. आग्नेय कोपऱ्यात आव्होला, नोतो आणि थोडं पश्चिमेला व्हित्तोरिया. पूर्व किनाऱ्यावर एत्ना. आणि नैऋत्येला समुद्रात, आफ्रिकेच्या वाटेवर, पान्तेल्लेरिया हे छोटं बेट. ते सिसिलीपासून सुमारे शंभर किलोमीटर आणि ट्युनिशियापासून सुमारे सत्तर. नव्या माणसाला लागणारी जवळजवळ प्रत्येक बाटली या चार खुणांपैकी कुठल्यातरी एकीशी बांधलेली सापडेल.

आता वारा. सहाराच्या वाळवंटातून येणारा सिरोक्को हा उष्ण वारा आला की पारा भराभर चढतो. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकुसाजवळच्या फ्लोरिदियात ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि युरोपातलं आजवरचं सर्वोच्च तापमान म्हणून जागतिक हवामान संघटनेने ते नंतर मान्य केलं. आव्होला तिथून काही फार लांब नाही. म्हणजे सिसिलीचं सर्वात प्रसिद्ध काळं द्राक्ष, नेरो द'आव्होला, या उन्हाच्या अंगणातलं आहे. एवढ्या उन्हात ते आंबटपणा टिकवून धरतं हे त्याचं मोठं बळ.

दुसरी पायरी : आपलं छाटणीचं वेळापत्रक बाजूला ठेवा

द्राक्षबाग माहीत असलेल्या मराठी माणसाचा गोंधळ इथे होतो. आपल्याकडे वेल कधी पूर्ण झोपतच नाही. एप्रिलमध्ये काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून माल. पावसाळा संपला की फळाचा हंगाम सुरू.

सिसिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. छाटणी एकदाच, याच विश्रांतीच्या काळात. वसंतात डोळे फुटतात, मे-जूनमध्ये फुलोरा येतो, आणि मणी भरतो तो पूर्ण कोरड्या उन्हाळ्यात. मण्यात पाणी उतरतानाच आभाळ भरून आलं तर काय होतं हे अवकाळी सोसलेल्या कुणालाही सांगायला नको. सिसिलीच्या शेतकऱ्याला ती धास्ती आपल्यापेक्षा कमी आहे. केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. कोरड्या हवेत केवडा आटोक्यात राहतो, नजर ठेवावी लागते ती मुख्यतः भुरीवर, आणि फवारण्या कमी लागतात. इटलीत सेंद्रिय द्राक्षबागांचं सर्वाधिक क्षेत्र सिसिलीत आहे, त्याचं एक मोठं कारण हेच.

पण हा भरवसा कायमचा नाही. २०२३ च्या वसंतात पाऊस लांबला आणि केवड्याने दक्षिण इटलीसह सिसिलीच्या बागा झोडपल्या, उत्पादन घसरलं. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, बेटावर भीषण दुष्काळ पडला. तेव्हा लेबलवरचं साल नुसतं वय मोजण्यापुरतं बघू नका. त्या वर्षी तिथल्या शेतकऱ्याने काय सोसलं, तेही त्या चार आकड्यांत असतं.

भुरीवरून आठवलं, आपण बागेत गंधक मारतो ना? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपच्या बागांवर भुरी आली तेव्हा गंधकच कामी आलं, आणि त्या काळात जगाला लागणारं बहुतांश गंधक सिसिलीच्याच खाणींतून निघत होतं.

तिसरी पायरी : सहा द्राक्षांची ओळख करून घ्या

बेटावर स्थानिक वाण पुष्कळ आहेत. सुरुवातीला सहा पुरेत, त्याहून जास्त नावं घेतलीत तर एकही लक्षात राहणार नाही.

पांढऱ्यांत कातार्रात्तो हे सर्वाधिक लागवडीचं. ते फार बोलकं नाही, इतर द्राक्षांसोबत मिसळलेलं भेटतं. ग्रिल्लो हे त्याचंच अपत्य: कातार्रात्तो आणि झिबिब्बो यांच्या संकरातून आलेलं. उष्णता सोसतं, साखर चांगली धरतं, म्हणून मार्साला या कडक वाईनसाठी नावाजलं गेलं. आज त्याची साधी, कोरडी पांढरी वाईन मिळते आणि नवख्या माणसाने पहिली बाटली तीच घ्यावी असं माझं मत आहे. मोसंबी-पपनसाच्या सालीचा वास आणि शेवटी जिभेवर किंचित खारट चव. (वाईनच्या भाषेत 'कोरडी' म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही ती.) तिसरं पांढरं कार्रिकान्ते. ते एत्नाचं, त्याच्याकडे पुढे येऊच.

काळ्यांत पहिलं अर्थात नेरो द'आव्होला. सिसिलीत त्याला 'कालाब्रेसे' असंही म्हणतात. ते कालाब्रिया प्रांतातून आलं असा त्यावरून समज होतो. पण 'आव्होलाचं द्राक्ष' या अर्थाच्या स्थानिक बोलीतल्या शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असं बरेच जाणकार मानतात. रंग गडद, अंग भरलेलं, पिकलेल्या आलुबुखाराची चव. दुसरं फ्राप्पातो. रंगाने फिकं, तुरटपणा अगदी कमी, आणि वास थेट महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीचा. ज्यांना रेड वाईन म्हणजे घशाला ओढणारं, कडवट काहीतरी वाटतं त्यांना मी नेहमी फ्राप्पातो देतो. तिसरं नेरेल्लो मास्कालेसे.

वाईनच्या चवीचं वर्णन करायला मराठीत एक फार कामाचा शब्द तयार आहे: तुरट. इंग्रजीत ज्याला टॅनिन म्हणतात ते जीभ आणि हिरड्या आवळणारं द्रव्य आपण जांभळात, सुपारीत, कच्च्या केळ्यात लहानपणापासून ओळखतो. वाईनचा घोट घेतल्यावर आधी गोड-आंबट बघा आणि मग तुरटपणा हिरड्यांवर कुठे, किती वेळ राहतो ते बघा. काळ्या द्राक्षांच्या वाईनमधला निम्मा फरक एवढ्यानेच हाती लागतो.

चौथी पायरी : एत्नावर थोडं जास्त थांबा

एत्ना हा जागता ज्वालामुखी आहे, उंची ३,३०० मीटरच्या वर. शिखराकडे हिवाळ्यात बर्फ आणि पायथ्याशी संत्र्या-लिंबांच्या बागा. द्राक्षबागा साधारण ४०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात, काही त्याहूनही वर. दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याच्या कातानिया शहरात, किनाऱ्यावर लोक घामाने निथळत असताना वरच्या बागेत रात्री गार वारा असतो. दिवसा ऊन, रात्री थंडी. दिवसा साखर भरते, रात्री आंबटपणा टिकतो. उष्ण बेटावर इतकी नाजूक वाईन होते ती यामुळे.

एत्नाचा डीओसी पट्टा (कायद्याने आखून दिलेला भाग) १९६८ चा, सिसिलीतला पहिला. नकाशावर तो उलट्या इंग्रजी 'सी'सारखा दिसतो: उत्तर, पूर्व आणि दक्षिण उतार त्यात येतात, पश्चिमेचा ब्रोन्तेकडचा उतार नाही. तिकडे पिस्ते पिकतात. उत्तर उतारावर रान्दाझ्झो, पास्सोपिशारो, सोलिक्याता, लिंग्वाग्लोस्सा ही गावं. एत्ना रोस्सो या लाल वाईनचं माहेर हेच. पूर्व उतारावर मिलो गाव. समुद्राकडून येणारे ढग इथे अडतात, त्यामुळे सिसिलीच्या मानाने इथे फार पाऊस पडतो. एत्ना बियान्को सुपेरिओरे ही पांढरी वाईन फक्त मिलोच्या हद्दीतल्या बागांची असू शकते आणि तिच्यात किमान ८० टक्के कार्रिकान्ते लागतं. साध्या एत्ना बियान्कोला ६० टक्के पुरतं. एत्ना रोस्सोला किमान ८० टक्के नेरेल्लो मास्कालेसे.

आता माती. आपला सह्याद्री आणि दख्खनही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजून झिजून त्याची काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन झाली. एत्नाची माती त्याच दगडाची तान्ही अवस्था आहे: राख, वाळू, खडे. पाणी टाकलं की झिरपून जातं. गेल्या शतकात वाहिलेल्या लाव्ह्यावर अजून शेवाळ आणि झुडपंच दिसतात. अशा पडीक लाव्ह्याला तिथल्या बोलीत 'शारा' म्हणतात. १९२८ च्या उद्रेकात मास्काली हे गाव गाडलं गेलं. नेरेल्लो मास्कालेसेला नाव त्याच मास्कालीच्या पठारावरून पडलं. १९८१ च्या लाव्ह्याने रान्दाझ्झो आणि पास्सोपिशारोच्या मधल्या बागा गिळल्या. तरी लोकांनी त्याच दगडांचे बांध रचून पायऱ्या-पायऱ्यांची शेती चालू ठेवली आहे.

या वाळूचा एक फायदा मला फार मोठा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा उजाड केल्या. उपाय म्हणून अमेरिकन वेलीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, कलम बांधायची पद्धत पडली. वाळूत ही कीड नीट पसरू शकत नाही. त्यामुळे एत्नावर काही तुकड्यांत शंभर वर्षांहून जुन्या, स्वतःच्या मुळावर उभ्या असलेल्या वेली अजून फळ देतात. आपल्याकडे डॉगरिज या वाणाचा खुंट आला तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. कलमाची रीत तीच, पण गरज वेगळी.

जुन्या बागांत मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल सुटी, कमरेएवढ्या झुडपासारखी, चेस्टनटच्या लाकडी दांडक्याला बांधलेली. या पद्धतीला 'आल्बेरेल्लो' म्हणतात, म्हणजे छोटं झाड. ट्रॅक्टर आत जात नाही, सगळं काम हाताने. मजुरी जास्त, वेलीला माल कमी. एत्नाची बाटली ग्रिल्लोच्या दुप्पट-तिप्पट किमतीला का असते याचं उत्तर इथे आहे, आणि ती किंमत मला कधी अवाजवी वाटलेली नाही.

एत्नाचं नाव जगात झालं ते अलीकडे. १९८८ मध्ये ज्युसेप्पे बेनान्ती यांनी साल्वो फोती या वाईनतज्ज्ञाला सोबत घेऊन जुन्या बागांवर काम सुरू केलं. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आन्द्रेया फ्रान्केत्ती, बेल्जियमचे फ्रँक कॉर्नेलिस्सेन आणि मार्को दे ग्रात्सिया इथे आले. वेगवेगळ्या तुकड्यांची वाईन वेगवेगळी भरायची रीत त्यातून रुजली. या तुकड्यांना 'कोन्त्रादा' म्हणतात. आपल्याकडे गावाच्या शिवारातल्या प्रत्येक वावराला नाव असतं आणि कुठल्या वावरातली ज्वारी गोड ते म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, अगदी तसंच. २०११ मध्ये अशा १३३ कोन्त्रादांना अधिकृत मान्यता मिळाली, पुढे ही संख्या १४२ झाली. ग्वार्दिओला, काल्देरारा सोत्ताना, राम्पान्ते, फेउदो दी मेझ्झो ही नावं लेबलवर दिसली की समजा, ती एका शिवाराची वाईन आहे.

एत्ना रोस्सो ग्लासात ओतल्यावर नवखा माणूस हमखास चुकतो: रंग फिका दिसतो, म्हणून वाईन पातळ असणार असं गृहीत धरतो. एक घोट घ्या आणि थांबा. आंबट चेरी, वाळलेल्या पानांचा, किंचित धुराचा वास, आणि मग चांगला पकडणारा तुरटपणा. रंगाचा आणि ताकदीचा संबंध नसतो हे एवढ्या स्पष्टपणे शिकवणारी दुसरी वाईन मला माहीत नाही.

पाचवी पायरी : लेबल वाचा

विसाव्या शतकाचा बराच काळ सिसिलीची वाईन बाटलीत भरलीच जात नव्हती. टँकर आणि जहाजं भरून ती उत्तरेकडे जायची आणि तिथल्या फिक्या, अशक्त वाईनमध्ये रंग-ताकद वाढवायला ओतली जायची. आपला माल दुसऱ्याच्या नावाने विकला जाण्याचं दुःख शेतकऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही. १९८५ पासून दिएगो प्लानेता यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या प्रादेशिक द्राक्ष आणि वाईन संस्थेने ही स्थिती बदलायला घेतली आणि ज्याकोमो ताकीस या नामांकित वाईनतज्ज्ञाला बोलावलं. मेन्फी गावची सेत्तेसोली ही १९५८ ची सहकारी संस्था तर सुमारे दोन हजार शेतकरी आणि सहा हजार हेक्टर सांभाळते. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला तिची रचना लगेच कळेल.

लेबलवर बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. 'डीओसीजी' हा सर्वात वरचा दर्जा. सिसिलीत त्यात आजवर प्रामुख्याने एकच नाव घेतलं जातं: चेरासुओलो दी व्हित्तोरिया, २००५ पासून. 'डीओसी' खाली एत्ना, मार्साला, पान्तेल्लेरिया, नोतो, फारो अशी ठिकाणांची नावं येतात आणि २०११ पासून संपूर्ण बेटासाठीचं 'सिसिलिया' हेही. 'तेर्रे सिसिलियाने आयजीटी' म्हणजे नियम सैल. तिथे अतिशय साधी वाईनही असते आणि नियमांत न बसणारी उत्तम वाईनही, म्हणून तिथे उत्पादकाचं नाव ओळखीचं असेल तरच हात घाला. 'रिझेर्व्हा' म्हणजे जास्त मुरवलेली. 'पास्सितो' म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची, गोड. मागच्या बाजूला अल्कोहोलचं प्रमाण बघायला विसरू नका. १२.५ टक्के आणि १४.५ टक्के या दोन नेरो द'आव्होला वाईन एकाच नात्यातल्या आहेत यावर पहिल्या घोटाला विश्वास बसत नाही.

सहावी पायरी : कुठल्या क्रमाने उघडाल

भारतात आयात शुल्कामुळे या बाटल्या महाग पडतात. चार-पाच जणांनी मिळून एकेक आणावी आणि एका संध्याकाळी दोन-तीनपेक्षा जास्त उघडू नयेत. जोडीने चाखल्याशिवाय फरक मनात ठसत नाही.

पहिल्या संध्याकाळी ग्रिल्लो आणि एत्ना बियान्को. दोन्ही पांढऱ्या, पण एक किनाऱ्याची आणि एक डोंगराची. एत्ना बियान्कोचा आंबटपणा लिंबू चावल्यासारखा धारदार लागेल. तो दोष नव्हे, त्याच्याच जोरावर ही वाईन दहा-दहा वर्षं टिकते. कार्रिकान्ते हे नाव मात्र 'ओझं' या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे, कारण वेल मालाने लगडते.

दुसऱ्या संध्याकाळी फ्राप्पातो, नेरो द'आव्होला आणि जमलं तर सोबत चेरासुओलो दी व्हित्तोरिया. हा तिसरा या दोघांचाच मेळ आहे: ५० ते ७० टक्के नेरो द'आव्होला, बाकी फ्राप्पातो. नावाचा संबंध चेरीशी आहे. आधी दोघांना सुटं चाखून मग मेळ चाखला की कोणाकडून काय आलं ते जिभेवर उलगडतं. व्हित्तोरियाची माती चुनखडकावरची लाल वाळू. तिथल्या 'कॉस' या १९८० साली तीन मित्रांनी सुरू केलेल्या वायनरीने मातीच्या रांजणांत वाईन मुरवून नाव कमावलं.

तिसरी संध्याकाळ एत्ना रोस्सोची, एकट्याची.

तापमानाबद्दल आग्रहाने सांगतो. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला' हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा आहे. एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा सोलापूरच्या खोलीत तो पाळलात तर नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाईल. फ्राप्पातो १४ अंशांना, नेरो द'आव्होला आणि एत्ना रोस्सो १६ अंशांच्या आसपास. म्हणजे आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा. ग्रिल्लो ८ ते १०, एत्ना बियान्को थोडी वर, ११-१२. उघडलेली पांढरी वाईन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, लाल तीन दिवस. त्यापुढे ठेवू नका.

खाण्याचं म्हणाल तर कातानियाचा खास पदार्थ पास्ता आल्ला नोर्मा: वांगी, टोमॅटो आणि खारवलेलं रिकोत्ता चीज. त्यावर एत्ना रोस्सो. आपल्याकडे तिखटजाळ रश्श्यासोबत ती उघडू नका, मिरची आणि तुरटपणा एकमेकांना चिघळवतात. तिखट जेवण असेल तर गार केलेली फ्राप्पातो. तळलेल्या बांगड्याला किंवा सुरमईला ग्रिल्लो.

सातवी पायरी : बेदाण्याची वाईन

पान्तेल्लेरियाबद्दल लिहिताना माझा हात आवरत नाही. हे सारं बेट सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं, काळ्या ज्वालामुखी खडकाचं. वारा इतका की एकेका लिंबाच्या झाडाभोवती गोल, उंच दगडी भिंत बांधतात. नद्या नाहीत. 'दाम्मुसो' नावाच्या दगडी घरांची छपरं घुमटासारखी असतात, त्यावरचं पावसाचं पाणी टाक्यात उतरवतात.

इथे वेल उभी वाढूच शकत नाही. म्हणून ती जमिनीत खोलगट आळं करून त्यात लावतात, आणि तिच्या काड्या जमिनीलगत पसरतात. वारा वरून निघून जातो, रात्रीचा ओलावा आणि पावसाचं पाणी आळ्यात जमतं. काम करायचं तर पूर्ण वाकून. २०१४ मध्ये युनेस्कोने या लागवडीच्या रीतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शेतीच्या पद्धतीला असा मान तोवर मिळाला नव्हता.

द्राक्ष झिबिब्बो. नाव अरबी 'जबीब'वरून, म्हणजे चक्क बेदाणा. ऑगस्टमध्ये पहिली तोडणी होते, घड उघड्या उन्हात पसरतात आणि दोन-तीन आठवडे उलटत-पालटत सुकवतात. आमच्या तासगावला द्राक्ष आधी द्रावणात बुडवून शेडच्या सावलीत जाळीवर सुकवतात, कारण हिरवा-पिवळा रंग राखायचा असतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हा हिशोब आमच्या घरात पोरांनाही पाठ. पान्तेल्लेरियात रंगाची फिकीर नाही, तिथे ऊनच हवं. मग सप्टेंबरमध्ये ताज्या झिबिब्बोचा रस आंबायला ठेवतात आणि त्यात देठं हाताने काढलेले हे बेदाणे थोडे थोडे करून सोडतात. सुकलेल्या मण्यातली साखर आणि वास हळूहळू रसात उतरतो. जी वाईन होते ती पास्सितो दी पान्तेल्लेरिया: जर्दाळू, अंजीर, संत्र्याचं फूल, मध. गोड असूनही मिट्ट नाही, कारण खाली आंबटपणा शाबूत असतो. छोट्या ग्लासात, १२ अंशांना, जेवणानंतर.

मार्सालाची गोष्ट व्यापाऱ्यांची. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी तिथे आला, स्थानिक वाईन त्याला शेरी-मदिरा या स्पेन-पोर्तुगालच्या कडक वाईनच्या जातीची वाटली, आणि समुद्रप्रवासात टिकावी म्हणून अल्कोहोल मिसळून त्याने ती इंग्लंडला पाठवली. १८०० साली अॅडमिरल नेल्सनने आरमारासाठी मागणी नोंदवली. १८३३ मध्ये व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या धंद्यात उतरला. पुढे विसाव्या शतकात साखर, अंडं, नाना स्वाद घालून मार्सालाचं नाव इतकं खाली आणलं की १९८४ मध्ये कायदा कडक करावा लागला.

घेताना 'फिने' हा प्रकार स्वयंपाकासाठी समजा, तो एक वर्षाचाच असतो. प्यायला 'व्हेर्जिने' घ्या: किमान पाच वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, साखर न घातलेली, अक्रोड आणि खारट समुद्राच्या वासाची. भाजलेल्या बदामांसोबत ती काय लागते! उघडलेली बाटली काही आठवडे सहज टिकते, म्हणून एकट्याने चाखणाऱ्यालाही परवडते. अल्कोहोल १८ टक्क्यांच्या घरात, तेव्हा माप छोटं ठेवा. मार्को दे बार्तोली यांनी १९८० च्या सुमारास अल्कोहोल न मिसळता, जुन्या पिंपात दरवर्षी थोडी नवी वाईन भरत राहण्याची वुडहाउसपूर्वीची रीत पुन्हा उभी केली. त्यांची 'व्हेक्यो साम्पेरी' सापडली तर सोडू नका.

आठवी पायरी : प्रत्यक्ष जायचं असेल तर

एत्नासाठी कातानियाला उतरा, मार्सालासाठी त्रापानी किंवा पालेर्मोला. पान्तेल्लेरियाला त्रापानीहून विमान आणि बोट दोन्ही जातात, मात्र वारा वाढला की बोट रद्द होऊ शकते, म्हणून परतीचा एक दिवस हातात राखून ठेवा. चाखणं असेल त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका. कातानियाहून निघणारी चिर्कुमेत्नेआ ही छोटी रेल्वे ज्वालामुखीला वळसा घालत ब्रोन्ते, रान्दाझ्झो, लिंग्वाग्लोस्साकडे जाते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या आहेत का ते आधी बघून घ्या. रान्दाझ्झोच्या आधी खिडकीतून काळे शारा दिसतात आणि मधेच एखादी हिरवी पायरी.

वायनरीत न कळवता जाऊ नका, लहान ठिकाणी मालक स्वतः बागेत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीच्या धांदलीत कुणाला वेळ नसतो. मे-जून बरा. आत गेल्यावर 'पाल्मेंतो' दाखवायला सांगा: लाव्ह्याच्या दगडात बांधलेले जुने हौद, जिथे पायाने द्राक्षं तुडवून रस उताराने खालच्या हौदात सोडत. आणि मग बागेत जाऊन विचारा: किती मीटरवर आहोत, तोंड कुठल्या दिशेला, वेल खुंटावर आहे की स्वतःच्या मुळावर. हे तीन प्रश्न ऐकल्यावर तिथला शेतकरी ग्लास बाजूला ठेवून तुम्हाला बांधावरून खाली, सर्वात जुन्या वेलीकडे घेऊन जातो.